भूकंप कळणारा हात

“आला! अण्णांचा हात भरून आला!” असं ओरडत आमचे प्रल्हादराव ओसरीवरून अंगणात धावले, आणि मी चुलीपुढे बसल्या जागी कपाळावर हात मारून घेतला.

बापाचा हात दुखतोय म्हणून पोरगा आनंदानं नाचतोय, असं दृश्य दुसऱ्या कुठल्या गावात दिसणार नाही. आमच्याकडे दिसायचं. प्रल्हादनं शेजारच्या तान्हूबाईला हाक घातली, तान्हूबाईनं पुढच्या आळीला, आणि माझी भाकरी तव्यावरून उतरायच्या आत देवळातली घंटा वाजायला लागली. बायका फळीवरची भांडी खाली उतरवायला लागल्या. कुणी गोठ्यातली गुरं सोडली, कुणी पाळण्यातलं लेकरू उचललं. सगळ्यांच्या तोंडावर भीती कमी आणि कौतुक जास्त.

“लई दिसांनी आला गं बाई,” तान्हूबाई माझ्या दारात येऊन म्हणाली. “मला वाटलं, अण्णांचं द्येणं सरलं.”

माहेरपणाला आलेल्या लेकीबद्दल बोलावं तसं ती त्या कळेबद्दल बोलत होती.

हे गाव कोयनेच्या खोऱ्यातलं, डोंगराच्या कडेला चिकटलेलं. इथं जमीन हलण्याचं कुणाला नवल नाही. भांडी वाजतात, कौलांतून माती पडते, माणसं हातातलं काम थांबवून जरा वेळ एकमेकांकडे बघतात आणि पुन्हा कामाला लागतात. सदुसष्ट सालचा मोठा भूकंप मात्र म्हाताऱ्या माणसांच्या मनातून गेलेला नव्हता, म्हणून प्रत्येक लहान धक्क्याच्या मागे त्यांना तो मोठा उभा दिसायचा. अशा गावात कुणीही उठून म्हणावं की भूकंप येणार, तो आज ना उद्या येणारच. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडते म्हणतात. आमच्याकडे फांद्या इतक्या तुटायच्या की कुठल्याही कावळ्यानं महाराज व्हावं.

आमच्याकडचा कावळा म्हणजे अण्णा, माझे सासरे. नाव दगडू साबळे. ग्रामपंचायतीत शिपाई होते. सभेला सतरंजी अंथरायची, सरपंचाची खुर्ची पुसायची, आलेल्या-गेलेल्याला पाणी द्यायचं. “ए दगड्या, पाणी आण” यापलीकडे गावानं त्यांच्याशी दुसरं वाक्य बोललं असेल असं मला वाटत नाही. निवृत्त झाल्यावर एकदा पारावर बसले असताना त्यांचा डावा हात खांद्यापासून बोटांपर्यंत भरून आला, जबडा आवळला, दरदरून घाम फुटला. “काय तरी हुणार हाय,” एवढंच ते म्हणाले. संध्याकाळी जमीन हलली. पुढच्या महिन्यात पुन्हा तसंच. तिसऱ्या खेपेला गावानं दगड्याचा अण्णा करून टाकला.

मग काय विचारता! अण्णांचा हात भरून आला की शाळेच्या मैदानात ग्रामपंचायतीची हातवाली खुर्ची यायची. तीच, जी त्यांनी जन्मभर पुसली. खुर्चीत अण्णा, समोर सगळं गाव, आणि मध्ये जमिनीवर तांब्यावर तांब्या रचून ठेवलेला. तो पडला म्हणजे भूकंप आला. तोवर कुणी छपराखाली जायचं नाही आणि कुणी गावाखालच्या घाटात गाडी घालायची नाही, कारण दरड कोसळते, असा अण्णांचा नियम. त्याच दिवशी जमीन हलली तर जयजयकार. दुसऱ्या दिवशी हलली तर “एक दिस आदीच कळलं”. आठवड्यानं हलली तर “लांबून येत हुता”. आपल्याला हवं तेच ऐकायचं म्हटल्यावर खोटं ठरायला जागाच कुठं राहते?

मी कराडची. हात भरून येणं, जबडा आवळणं आणि तो गार घाम मी माझ्या वडिलांच्या अंगावर पाहिला होता. वडील त्यातच गेले. त्यामुळे लग्न होऊन आल्यावर पहिल्यांदा मैदानातला हा तमाशा पाहिला तेव्हाच मी ओळखलं. हृदयाचं दुखणं अंगावर घेऊन माणूस खुर्चीत बसलाय आणि गाव त्याच्यापुढे नारळ फोडतंय. मी घरात बोलून पाहिलं. प्रल्हाद आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

अण्णा मात्र रागावले नाहीत. माझी जीभ पहिल्यापासून तिखट, आणि या घरात ती आवडणारा माणूस एकच, तो म्हणजे अण्णा. संध्याकाळी चहाचा कप घेऊन ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायचे आणि म्हणायचे, “उजे, आज कुनाची सालटी काढलीस, सांग बघू.” मी सरपंचांची नक्कल करायचे आणि ते चहा सांडेपर्यंत हसायचे. उज्ज्वला हे माझं नाव त्यांना एकदाही धड म्हणता आलं नाही.

चष्म्याचा नंबर काढायचा म्हणून एकदा मीच त्यांना कराडला नेलं आणि डोळ्यांच्या ऐवजी हृदयाच्या डॉक्टरांपुढे बसवलं. डॉक्टरांनी कार्डिओग्रामची पट्टी काढली, तपासलं, आणि अण्णांना बाहेर बसवून मला म्हणाले, “हृदयाला रक्त कमी पडतंय. रोजच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. कळ आलीच तर ही बारकी गोळी जिभेखाली ठेवायची आणि तसंच इकडे घेऊन यायचं. हयगय केलीत तर माणूस हातचा जाईल.”

गोळ्या सुरू झाल्या आणि कळ गेली. कळ गेली तसा अण्णांचा भूकंपही गेला. त्यानंतर जमीन पहिल्यांदा हलली तेव्हा अण्णा परसाकडेला बसले होते. धोतर सावरत, हातात टमरेल घेऊन पळत आलेले अख्ख्या गावानं पाहिले. दुसऱ्यांदा हलली तेव्हा ते ओसरीवर घोरत होते. गाव पोट धरून हसलं. खुर्ची पंचायतीच्या खोलीत गेली ती गेलीच. सकाळी अंगणात विचारायला येणारी माणसं येईनाशी झाली. एकदा पारावरून कुणीतरी “ए दगड्या” म्हणून हाक मारलेली मी माझ्या कानांनी ऐकली. अण्णा संध्याकाळी उंबऱ्यावर बसायचे, पण चहा निवून जायचा आणि मी काय बोलतेय याकडे त्यांचं लक्ष नसायचं.

आणि आज ही घंटा.

भाकरी तव्यावर तशीच टाकून मी माजघरात गेले. अण्णा कॉटवर बसून उजव्या हातानं डावा दंड चोळत होते. तोंड राखेसारखं पांढरं पडलेलं, आणि त्या पांढऱ्या तोंडावर लग्नातल्या नवरदेवासारखं हसू.

“उजे, माझी धुतल्याली टोपी बघ.”

“गोळ्या कधीपासून बंद केल्यात?”

“टोपी बघ म्हनतोय न्हवं!”

“अण्णा!”

अण्णा दाराकडे बघत हळूच म्हणाले, “होळी झाल्यापासनं. वरडू नगंस. पल्लाद ऐकंल.”

“रोज सकाळी मी हातावर गोळी ठेवते. पाणी देते. माझ्यासमोर पिता.”

“गालात धरत हुतो. तू पाठ फिरवलीस की थुकत हुतो.”

मला इतका संताप आला की हातातलं उलथणं मी भिंतीवर फेकून मारलं. साठी उलटलेला माणूस, आणि पोरासारखी गालात गोळी धरतो!

“मरायचंय का तुम्हाला?”

“मरायचं कुनाला असतंय?” अण्णा म्हणाले. “पन त्या गोळ्या घेतल्या की मी नुसता म्हातारा असतो गं.”

“मग? म्हातारेच आहात.”

“तसं न्हाय. तुला न्हाय कळायचं.” त्यांनी दंड चोळणं थांबवलं. “जल्मभर पानी दिलं मी या गावाला. एकानं कवा इचारलं न्हाय, दगडू, तू प्यालास का? आन आता खुर्चीत बसलो की सरपंच सोता तांब्या घिऊन हुबा ऱ्हातो. म्होरं. वाकून.”

“त्याच्या तांब्यातलं पाणी प्यायला जिवंत तरी राहायला हवं ना?”

यावर ते हसले, आणि हसता हसता कळ आली. डोळे मिटून, दात आवळून त्यांनी ती काढली. मी कोनाड्यातली ती बारकी गोळी काढून त्यांच्या तोंडाजवळ नेली.

“जिभेखाली ठेवा. आत्ता. तुम्हाला कराडला नेतेय.”

त्यांनी माझा हात बाजूला सारला. “ती ठिवली की कळ जाती.”

“जायलाच पाहिजे!”

“कळ गेली तर भाईर जमल्यात त्यास्नी काय सांगू? आलता आन माघारी गेला?”

बाहेर माणसांचा गलबला वाढत होता. गोळी पदराच्या टोकाला गाठीत बांधून मी अंगणात आले. प्रल्हाद जीपच्या चाकांना दगड लावत होता. त्याची वडापची जीप, माणसं भरून पाटणच्या फेऱ्या मारायची. आज रस्ता बंद, म्हणून तो तिला सुट्टी देत होता.

“अहो, ते दगड काढा. अण्णांना कराडला न्यायचंय. त्यांनी गोळ्या बंद केल्यात. हे त्यांच्या काळजाचं दुखणं आहे.”

तो माझ्याकडे खुळ्यासारखा बघत राहिला. “आज? घाटातनं? सोता अण्णांनी रस्ता बंद केलाय.”

“माझे वडील असेच गेले. माझ्या डोळ्यांदेखत.”

“तुझं वडील कराडात हुतं. तितं कुटं भूकंप हाय?”

नाव प्रल्हाद, पण पुराणातला प्रल्हाद निदान बापाचं ऐकत तरी नव्हता. आमच्या प्रल्हादरावांना बापानं विहिरीत उडी मार म्हटलं असतं तर यांनी फक्त चपला कुठं काढू एवढंच विचारलं असतं. वर मनात कपट नाही. बापावर जीव, तो इतका की बापाकडे एकदा नीट बघावं हे सुचायचं नाही.

तेवढ्यात सरपंच बापूसाहेब शेडगे आले. मागे दोघांच्या डोक्यावर ती खुर्ची. घंटा वाजल्यावर तेवढ्या वेळात त्यांनी कोट चढवून फेटाही बांधला होता. भूकंपाला सामोरं जायला फेटा लागतो, हे मला त्या दिवशी कळलं.

“चला, अण्णा,” ते दारात वाकून म्हणाले. “गाव वाट बघतंय.”

अण्णा धुतलेली टोपी घालून बाहेर आले. दारातून अंगणात पाऊल टाकताना त्यांचा तोल गेला. दहा हात पुढे आले. त्या दहा हातांकडे अण्णांनी ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरलेले नाही. मग ते ताठ झाले आणि कुणाचाही हात न धरता मैदानाकडे चालायला लागले.

ऊन चढलेलं. मैदानात झाडाची सावली नाही, कारण झाड अंगावर पडतं, हाही नियमच. मध्ये खुर्ची, खुर्चीत अण्णा, पायाशी तांब्यावर तांब्या. भोवती गाव दाटीवाटीनं बसलं आणि अण्णांच्या अंगाकडे टक लावून बघायला लागलं. जत्रेत कुस्ती बघावी तशी बोलणी चालू झाली.

“बघ, बघ, घाम सुटला.”

“जवळ आलाय मग.”

“व्हट बघ की. निळं पडाय लागलं.”

“मागल्या टायमाला व्हट न्हवतं निळं. ह्यो मोठा असणार.”

“पोरांनो, गप बसा. अण्णास्नी धाप लागलीया. धाप लागली की लांब न्हाय.”

एक माणूस सर्वांसमोर मरायला टेकलाय आणि त्याच्या मरणाचा एकेक टप्पा ही मंडळी आपसांत समजावून सांगत होती. एकालाही असं वाटलं नाही, की जवळ जावं, टोपी काढावी, वारा घालावा. अण्णांना हात लावला तर म्हणे भूकंप बिथरतो.

माझ्यानं राहवलं नाही. बसलेल्या माणसांना तुडवत मी मधे जाऊन उभी राहिले. सासऱ्यापुढे, सरपंचांपुढे, भर मैदानात, डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला.

“हा भूकंप नाही,” मी ओरडून म्हणाले. “यांचं हृदय बंद पडत चाललंय. कराडच्या डॉक्टरांनी सांगितलंय. भूकंप तर इथं रोजच येतो, त्याला कुणाच्या हाताची काय गरज? यांना जीपमध्ये घाला, नाहीतर यांचं पाप तुमच्या सगळ्यांच्या माथी.”

मग तान्हूबाई म्हणाली, “सासऱ्याचा मान बघवंना हिला.” आणि बायका हसल्या.

बापूसाहेब मिशीवर हात फिरवत उठले. “सूनबाई, तुमी शिकल्याल्या. पन अण्णांचा हात आमी काय आज बघतोय व्हय? तरी बी तुमच्या समाधानापायी इचारतो.” ते अण्णांपुढे वाकले. हातात पाण्याचा तांब्या होताच. “अण्णा, सूनबाई म्हनत्यात, काळजाचं दुकनं हाय. तुमीच सांगा. भूकंप हाय का दुकनं?”

मी अण्णांच्या पायांशी बसले. माझ्याशिवाय कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, “अण्णा, एक शब्द बोला. ‘दुखतंय’ एवढंच म्हणा. प्रल्हाद आत्ता जीप काढतो. तुमच्या शब्दाबाहेर नाही तो.”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग वर पाहिलं. फेटा बांधून, तांब्या धरून वाकलेला सरपंच. त्याच्यामागे श्वास रोखून बसलेलं गाव. पहिल्या रांगेत प्रल्हाद, हात जोडून. एवढी माणसं एका माणसाच्या तोंडाकडे बघतायत आणि तो माणूस आपण आहोत, हे सुख त्यांना एका शब्दानं टाकून द्यायचं होतं. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला होता.

“येतोय,” अण्णा म्हणाले. आवाज फाटलेला, पण मैदानभर ऐकू गेला. “आजवर आला न्हाय, येवडा येतोय. कुनी जागा सोडू नगा.”

गावानं सुटकेचा श्वास सोडला. भूकंप येतोय हे ऐकून सुटकेचा श्वास सोडणारी माणसं मी तेव्हा पाहिली. बापूसाहेब माझ्याकडे बघून गोड हसले आणि अण्णांना तांब्या दिला. अण्णांना तो धरता आला नाही. पाणी सदऱ्यावर सांडलं.

मी उठले. मनात म्हटलं, मरा. तुम्ही मरा, तुमचा मुलगा बघू दे, तुमचं गाव बघू दे, मला काय! आणि चार पावलं गेले तोच मला रडू फुटलं, कारण वडील गेले तेव्हाही मी अशीच दोन हातांवर होते आणि काही करू शकले नव्हते. मी मागे वळले.

अण्णा खुर्चीतून घसरत होते. आधी मान कलली, मग खांदा, मग सगळं अंग पोतं रिकामं व्हावं तसं खाली आलं.

“आला!” कुणीतरी किंचाळलं.

आणि अख्खं गाव जमिनीवर पालथं पडलं. पालथं पडायचं, डोकं हातांनी झाकायचं, डोळे मिटायचे, हाही अण्णांचाच नियम. बायका लेकरांना पोटाखाली घेऊन पडल्या. बापूसाहेब फेट्यासकट मातीत तोंड खुपसून पडले. तान्हूबाई “आई वाघजाई, आई वाघजाई” करत होती. प्रल्हादसुद्धा, बापापासून हातभर अंतरावर, डोकं झाकून पालथा. आणि त्यांच्या पोटाखालची जमीन इतकी गप्प होती की तांब्यावरचा तांब्या डुगडुगतसुद्धा नव्हता.

भर उन्हात त्या मैदानात उभं असलेलं माणूस मी एकटी होते.

मी धावत जाऊन अण्णांचं डोकं मांडीवर घेतलं. डोळे उघडे होते. ओठ हलत होते. मी कान खाली नेला.

“उजे… कुनी बघत न्हाय न्हवं?”

मला आधी कळलंच नाही. मग मी मान वर केली. चहूबाजूंनी नुसत्या पाठी. म्हाताऱ्यांच्या, पोरांच्या, त्यांच्या स्वतःच्या मुलाची.

“कुणी नाही, अण्णा.”

तेव्हा त्यांनी तोंड उघडलं आणि जीभ वर केली.

पदराची गाठ माझ्या बोटांनी सुटेना. दातांनी सोडली. गोळी जिभेखाली ठेवली आणि त्यांचा जबडा हातानं मिटून धरला. मग प्रल्हादच्या पाठीत लाथ घातली. नवऱ्याला लाथ मारण्याचा तो माझा पहिला आणि शेवटचा प्रसंग, पण मारली ती मनापासून.

“उठा! बाप मेला तरी पालथेच पडून राहणार का?”

त्यानं डोकं वर केलं. मातीत पडलेला बाप त्यानं पाहिला, आणि बहुधा आयुष्यात पहिल्यांदा अण्णांकडे न बघता बापाकडे पाहिलं. “आबाऽ” म्हणून तो ओरडला. लहानपणी म्हणायचा तसं. घराकडे धावत जाऊन, चाकांचे दगड लाथेनं उडवून त्यानं जीप मैदानात माणसांमधून घातली, तेव्हा त्याला ना नियम आठवला ना दरड.

जीपच्या आवाजानं गाव उठून बसलं. कपडे झटकत सगळ्यांनी तांब्याकडे पाहिलं. तांब्या जागच्या जागी. एकमेकांच्या नाकाला लागलेली माती ते बघत होते, आणि मला वाटलं, आता, आता तरी यांना लाज वाटेल.

“आवं, हाललं कसं न्हाय?” एकानं विचारलं.

“हालंल कसं?” तान्हूबाई उसळून म्हणाली. “अण्णांनी अंगावर घेतला! समदा भूकंप सोताच्या अंगावर घेतला माझ्या बाबानं!”

झालं. बापूसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. माणसांनी अण्णांना देवाची पालखी उचलावी तसं उचलून जीपमध्ये ठेवलं. ज्यांनी इतका वेळ वारा घातला नव्हता ते आता पाया पडत होते. कुणी हळदकुंकू आणलं. मी एकीचा हात झटकून टाकला आणि प्रल्हादला म्हणाले, “चला.”

घाट उतरताना प्रल्हाद पुढे हुंदके देत गाडी चालवत होता. मागे अण्णांचं डोकं माझ्या मांडीवर. गोळीनं आपलं काम केलं होतं. धाप जरा बसली होती, ओठांचा निळेपणा कमी झाला होता. डॉक्टरांकडे पोचेपर्यंत काही खरं नव्हतं, पण श्वास चालू होता आणि मी त्या श्वासाकडे कान लावून बसले होते.

“सांगशील?” त्यांनी डोळे न उघडता विचारलं. जीपच्या आवाजात प्रल्हादला ऐकू जाणं शक्य नव्हतं.

सांगायचं तर मला होतंच. सरपंचाला, तान्हूबाईला, सगळ्यांना पारावर ओळीनं बसवून सांगायचं होतं, की तुमच्या देवानं तुम्हाला मातीत पालथं घातलं आणि स्वतः गुपचूप गोळी चघळली. त्यांची तोंडं कशी होतील हे मी मनात बघूनही घेतलं. आयुष्यात इतकी गोड गोष्ट पुन्हा बोलायला मिळाली नसती.

“रोज माझ्यासमोर गोळी गिळायची,” मी म्हणाले. “तोंड उघडून दाखवायचं. दोन्ही गाल, जिभेखाली, सगळं. एक दिवस चुकलात तर पारावर उभी राहून सांगेन.”

अण्णा विचार करायला लागले. बाजारात शेवटचा भाव ऐकल्यावर माणूस करतो तसा.

“आन हाताचं?”

“हात तुमचा. चोळावासा वाटला तर चोळा.”

“गोळी दार लावून देशील?”

“देईन.”

“पल्लादला बी सांगायचं न्हाय.”

“नाही सांगणार.”

त्यांनी मान हलवली. थोड्या वेळानं म्हणाले, “लात बरी मारलीस त्याला,” आणि हसू आवरलं, कारण हसलं की दुखत होतं.

कराडच्या डॉक्टरांनी त्यांना वाचवलं, आणि त्यानंतर अण्णा बरीच वर्षं जगले. रोज सकाळी मी माजघराचं दार लावायचे, ते गोळी गिळायचे, आ करून दाखवायचे. अंगाला काहीएक होत नसताना ते दर महिन्या-दीड महिन्यानं ओसरीवर येऊन इतकं सुरेख कण्हायचे, की माझ्याही काळजात चर्र व्हायचं. मग घंटा, मग खुर्ची, मग फेटा बांधून तांब्या धरलेले बापूसाहेब. जमीन आपल्या मर्जीनं हलायची, आणि अण्णांचे अंदाज खऱ्या दुखण्यात जेवढे बरोबर यायचे, अगदी तेवढेच या खोट्या दुखण्यातही बरोबर यायचे.

गावाच्या या शहाणपणावर मी आयुष्यभर हसले, पण मनातल्या मनात. प्रल्हादला आजही ठाऊक नाही. एवढी तिखट जीभ असून मी गप्प कशी राहिले, याचं उत्तर साधं आहे. मला तो म्हातारा जिवंत हवा होता.